सायकल थांबली तरी दम थांबू नये

फेब्रुवारी २००९. बीजिंग ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकून क्रिस हॉय यांना जेमतेम सहा महिने झाले होते. एडिनबरात जन्मलेला आणि येथल्याच मेडोबँकच्या उघड्यावरच्या लाकडी ट्रॅकवर, पावसाच्या वेळा सांभाळत घडलेला हा सायकलपटू कोपनहेगनच्या विश्वचषक स्पर्धेत किरिनच्या शर्यतीत पडला. कमरेच्या खुब्याजवळ त्वचा व तिच्याखालचा थर आतल्या स्नायूंपासून सुटावा अशी ती दुखापत होती. पुढच्याच महिन्यात पोलंडमध्ये होणाऱ्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत त्यांना उतरता आले नाही. जगातला सर्वांत वेगवान म्हणून ज्याचे नाव घेतले जात होते, त्याला ऐन भरात थांबावे लागले. तेरा महिन्यांनी, मार्च २०१० मध्ये, त्याच कोपनहेगन शहरात त्यांनी किरिनचे विश्वविजेतेपद मिळवले. आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आणखी दोन सुवर्णपदके जिंकून आपली ऑलिंपिक सुवर्णांची संख्या सहावर नेली.

आपल्यापैकी कोणी ऑलिंपिकला जाणार नाही. परंतु लीथहून रॉयल इन्फर्मरीत कामावर जाणारी परिचारिका, कालव्याच्या काठाने हेरियट-वॉट विद्यापीठ गाठणारा संशोधक, मेडोजमधून मुलाला शाळेत सोडून पुढे कार्यालयात जाणारी आई, हे सारे एडिनबरातल्या आपल्या कुटुंबांत आहेत आणि त्यांचे दैनंदिन जीवन सायकलवर उभे आहे. या शहरात पडण्याची कारणेही थोडी नाहीत. ओल्या पानांचा थर, जुन्या भागातली दगडी फरसबंदी, हिवाळ्यातले न दिसणारे बर्फ आणि ट्रामचे रूळ! २०१४ मध्ये येथे ट्राम सुरू झाली, जून २०२३ मध्ये ती न्यूहेवनपर्यंत पोहोचली. रुळाच्या खाचेत चाक अडकून किंवा ओल्या रुळावरून घसरून जखमी झालेल्या सायकलस्वारांविषयी शहरातील अस्थिरोगतज्ज्ञांनी शोधनिबंधही लिहिला आहे. मनगट मोडणे, कॉलरबोनला तडा जाणे, गुडघा मुरगळणे या घटना इथे विरळ नाहीत.

अशा दुखापतीनंतर डॉक्टर ‘चार ते सहा आठवडे सायकल नको’ असे सांगतात. ही मुदत लहान असते. धोका तिच्या पुढे असतो. सहा आठवड्यांत शरीर सैल पडते, तोवर नोव्हेंबर उजाडतो, दुपारी पावणेचारला अंधार पडू लागतो, आणि जिन्याच्या चौकात उभी केलेली सायकल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तशीच राहते. कित्येकदा ती विकलीच जाते. तात्पुरत्या विश्रांतीचे रूपांतर कायमच्या निवृत्तीत होऊ नये, यासाठी काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्याला अधिक का लागू आहे?

दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका गोऱ्या लोकांपेक्षा अधिक असतो, आणि तो कमी वयात व कमी वजनातही उद्‌भवतो. म्हणूनच येथील आरोग्यसेवा आपल्यासाठी वजनाच्या निर्देशांकाची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर धरते. कोपनहेगनमध्येच झालेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात डोळे उघडणारा आहे. दहा निरोगी तरुणांनी रोजची सुमारे दहा हजार पावले कमी करून दीड हजारांच्या आत आणली. केवळ दोन आठवड्यांत त्यांच्या शरीराची इन्शुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता सुमारे १७ टक्क्यांनी घटली, दमसास ७ टक्क्यांनी उतरला आणि पायांतील स्नायूही कमी झाले. ते आजारी नव्हते, अंथरुणाला खिळलेले नव्हते. ते फक्त कमी चालले होते. ज्यांच्या घरात आई-वडिलांपैकी एकाला तरी मधुमेह आहे, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरे कारण आपल्या इतिहासातले आहे. भारताच्या काही भागांत दलिताने सवर्णांच्या आळीतून सायकलवर बसून जाऊ नये, उतरून ती ढकलत न्यावी, असा दंडक होता आणि तो मोडणाऱ्याला मार खावा लागे. ज्या पिढ्यांना खोगिरावर बसण्याचीही किंमत मोजावी लागली, त्यांच्या लेकीसुना आज परक्या देशात चाळिशीत सायकल शिकतात आणि भर रस्त्यावरून ताठ मानेने जातात. एका पडण्यामुळे ही कमाई हातची जाऊ नये.

थांबल्यावर शरीरातून नेमके काय जाते?

‘सगळे मुसळ केरात गेले’ ही दुखापतीनंतरची पहिली भावना असते. शरीरशास्त्र मात्र वेगळे सांगते. अमेरिकेत एडवर्ड कॉयल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात आजही पायाभूत मानला जातो. वर्षानुवर्षे कसून सराव करणाऱ्या सात जणांनी ८४ दिवस सराव पूर्ण थांबवला. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे दमसासाचे माप होय. पहिल्या तीन आठवड्यांत ते सुमारे ७ टक्क्यांनी घटले. आठ आठवड्यांपर्यंत घट १६ टक्क्यांवर गेली आणि तेथे स्थिरावली. तरीही कधीच व्यायाम न केलेल्या माणसांपेक्षा ही मंडळी वरचढच राहिली. स्नायूंमध्ये वर्षांच्या सरावाने विणले गेलेले केशवाहिन्यांचे जाळे ८४ दिवसांनंतरही जवळपास जसेच्या तसे होते.

मग सुरुवातीला जाते ते काय? मुख्यतः रक्तातील द्रव. नियमित व्यायामाने रक्ताचे एकूण आकारमान वाढलेले असते, त्यामुळे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते. सराव थांबताच काही दिवसांतच हा वाढीव द्रव कमी होतो आणि तेच काम करायला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. जिना चढताना छाती धडधडू लागते ती यामुळे. कॉयल यांच्याच पुढच्या प्रयोगात रक्तद्रवाचे आकारमान बाहेरून वाढवून दिले, तेव्हा हरवलेली क्षमता बव्हंशी परत आली. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतली घसरण ही इंजिनाची मोडतोड नसून टाकीतले पाणी उतरण्यासारखी असते. आणि हे पाणी पुन्हा सराव सुरू केल्यावर लवकर भरते.

अर्थात थांबणे आणि पडून राहणे यांत अंतर आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्यात आले. त्यांचा दमसास एक चतुर्थांशाहून अधिक घटला. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे आढळले की विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने त्यांच्या शरीराची जेवढी हानी केली होती, तेवढी तीस वर्षांच्या वयवाढीनेही केली नव्हती. दुखापत झालेल्या माणसाला ‘हलू नकोस, पडून राहा’ असे प्रेमाने सांगणाऱ्या आपल्या घरांनी हा प्रयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दुखावलेल्या अवयवाला विश्रांती हवी असते. उरलेल्या शरीराला नव्हे.

आधी निदान, मग व्यायाम

पडल्यावर पहिले काम म्हणजे नेमके काय दुखावले आहे हे समजून घेणे. किरकोळ वाटणाऱ्या दुखापतींसाठी १११ या क्रमांकावर फोन केला की पुढचा मार्ग सांगितला जातो. गंभीर प्रसंगी ९९९. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी खोलगट भागात दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेत काही दिसले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. तेथील स्कॅफॉइड नावाच्या लहानशा हाडाचा तडा पहिल्या चित्रात कित्येकदा दिसत नाही आणि दुर्लक्ष झाल्यास ते हाड नीट जुळत नाही. पायाला प्लास्टर असताना पोटरी सुजणे, लाल व गरम होणे, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखणे ही रक्ताची गुठळी झाल्याची चिन्हे असू शकतात. तेव्हा वाट पाहू नये. अशोक विजयादशमीला नागपूरला किंवा ६ डिसेंबरला मुंबईला जाण्याची तिकिटे आधीच काढलेली असतात. नवे प्लास्टर घातल्यानंतर लांबच्या विमानप्रवासास साधारणतः ४८ तास मनाई असते, हे अशा वेळी विमान कंपनीला विचारून घ्यावे.

डोक्याला मार लागला असेल तर नियम वेगळा आहे. स्कॉटलंडने २०१५ सालीच सर्व खेळांसाठी मेंदूच्या आघाताची सामायिक मार्गदर्शिका काढली. तिचे सार एवढेच की शंका असेल तर बाहेर बसा. पहिले एक-दोन दिवस शारीरिक व बौद्धिक विश्रांती, पडद्यासमोरचा वेळ कमी, मग हळूहळू चालणे, आणि लक्षणे वाढत नसतील तरच पुढचा टप्पा. स्पर्धेत परतण्यास किमान २१ दिवस. या काळात दमसास राखण्याची घाई करू नये. दम परत मिळवता येतो.

आणि एक गोष्ट क्रिस हॉय यांच्याच आयुष्याने शिकवली आहे. २०२३ मध्ये त्यांचा खांदा दुखू लागला. आयुष्यभर व्यायाम करणाऱ्या माणसाला खांदा दुखणे नवे नसते. ताण पडला असेल असेच वाटले. तपासणीत तेथे गाठ दिसली आणि मूळ रोग प्रोस्टेटचा कर्करोग असून तो हाडांत पसरला असल्याचे निष्पन्न झाले. तो बरा होणारा नाही हे त्यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले, आणि तेव्हापासून ते पुरुषांना वेळेवर तपासणी करून घेण्याचे आवाहन करीत आहेत. दुखणे आठवड्यांमागून आठवडे तसेच राहिले, रात्री झोपेतून जागे करू लागले, तर ‘सायकलमुळे असेल’ ही समजूत बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. पन्नाशी उलटलेल्या आपल्या पुरुषमंडळींनी तर संकोच सोडून प्रोस्टेटविषयीही विचारावे.

दुखावले ते सोडून उरलेले शरीर

हात, मनगट किंवा कॉलरबोन दुखावली असेल तर सायकलस्वाराचे भांडवल, म्हणजे पाय, हृदय आणि फुप्फुसे, शाबूत असते. पहिल्या काही दिवसांत चालणे पुरेसे. मेडोजचे सपाट रस्ते, पोर्टोबेलोची समुद्रकाठची फरसबंदी, बोटॅनिक गार्डनच्या वाटा यांसाठी प्रवेशमूल्य नाही. पाऊस असेल तर आपल्या टेनमेंट इमारतींचा जिना आहेच. तीन मजले सावकाश चढून उतरणे, मधे श्वास घेऊन पुन्हा चढणे, हे दहा मिनिटे केले तरी मांड्या आणि छाती दोन्ही कामाला लागतात. कठड्याला धरायला दुखरा हात येत नसेल तर उतरताना जपावे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर व्यायामशाळेतील स्थिर सायकल वापरता येते. पाठीला टेकू असलेली सायकल अधिक बरी, कारण तिच्यावर हातांवर भार येत नाही. घरी टर्बो ट्रेनर असेल तर आपलीच सायकल त्यावर लावून ताठ बसून चालवावी. मात्र घामाने प्लास्टर भिजू देऊ नये.

पाय किंवा घोटा दुखावला असेल तर काम अवघड होते, पण संपत नाही. खुर्चीत बसून हलक्या डंबेल्सनी किंवा रबरी पट्ट्यांनी हात, खांदे व पाठ यांचे व्यायाम करावेत. काही व्यायामशाळांत हाताने पेडल फिरवायचे यंत्र असते. त्यावर दहा मिनिटे जोर लावला तर धाप कशाला म्हणतात ते कळते. प्लास्टर निघून जखम भरली की पाण्याचा आधार घ्यावा. डॅल्कीथ रोडवरील रॉयल कॉमनवेल्थ पूल १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधला गेला आणि आजही सर्वांसाठी खुला आहे. कमरेला तरंगपट्टा बांधून, तळाला पाय न टेकवता पाण्यात धावण्याचा व्यायाम धावपटूंवर तपासला गेला आहे, आणि चार ते सहा आठवडे त्यांचा दमसास त्याने टिकून राहिल्याचे दिसले आहे. सांध्यांवर भार शून्य, हृदयावर मात्र पुरेसा.

ज्या पायाला प्लास्टर आहे त्याच्यासाठीही एक उपाय आहे, जो ऐकून नवल वाटेल. एका बाजूच्या अवयवाला जोराचा व्यायाम दिला तर दुसऱ्या, न हललेल्या अवयवाचे बळही थोडेफार राखले जाते. १८९४ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात हे प्रथम नोंदले गेले आणि नंतर अनेकदा पडताळले गेले. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या आज्ञांचा हा परिणाम मानला जातो. म्हणून चांगल्या पायाचे व्यायाम ‘एकाच पायाला काय करायचे’ म्हणून सोडून देऊ नयेत. डोळे मिटून आपण पेडल मारत आहोत अशी स्नायू ताणल्यासारखी स्पष्ट कल्पना करणे, हाही त्याच जातीचा व्यायाम आहे. मनगट प्लास्टरमध्ये अडकवलेल्या लोकांवरील प्रयोगात अशी कल्पना नियमितपणे करणाऱ्यांचे बळ इतरांपेक्षा कमी घटले.

बरगडी किंवा पाठ दुखावली असेल तर फक्त सपाट चालणे आणि खोल श्वास. बरगडीच्या दुखण्यामुळे आपण उथळ श्वास घेऊ लागतो आणि छातीत कफ साचतो; म्हणून दुखले तरी तासातासाने काही दीर्घ श्वास घ्यावेत. वेदनाशामक गोळी घेऊन, दुखणे दडपून व्यायाम करणे कोणत्याही दुखापतीत घातक आहे. वेदना हा पहारेकरी आहे. त्याला झोपवून घरात शिरू नये.

वेळ कमी करा, जोर राखा

दुखापतीच्या काळात पूर्वीइतका वेळ व्यायाम करणे शक्य नसते, आणि त्याची गरजही नसते. रॉबर्ट हिकसन यांनी १९८० च्या दशकात केलेले प्रयोग सांगतात की, दहा आठवडे आठवड्यातून सहा दिवस सराव केलेल्या लोकांनी नंतर दिवस कमी करून चारावर किंवा दोनावर आणले, तरी पुढचे पंधरा आठवडे त्यांचा दमसास टिकला. रोजची चाळीस मिनिटे तेरावर आणली तरी तो बहुतांशी टिकला. मात्र जोर कमी केला, म्हणजे तोच वेळ सावकाश व्यायाम केला, तेव्हा तो घसरला. टिकवण्याच्या कामी वेळेपेक्षा जोर महत्त्वाचा, असा याचा अर्थ.

हात प्लास्टरमध्ये असलेल्या, एरवी निरोगी प्रौढ व्यक्तीचा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला कार्यक्रम असा असू शकतो. मंगळवारी स्थिर सायकलवर दहा मिनिटे हलके, मग तीन मिनिटे जोरात व तीन मिनिटे सावकाश असे पाच फेरे, शेवटी पाच-सात मिनिटे हलके. सारे मिळून पाऊण तास. जोरात म्हणजे एकावेळी तीन-चार शब्दांहून अधिक बोलता येऊ नयेत इतके. शुक्रवारी हेच, पण तीनच फेरे. बुधवारी आणि शनिवारी मांड्या, कंबर व पोट यांचे बळ वाढवणारे व्यायाम: खुर्चीतून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठणे-बसणे, भिंतीला पाठ टेकून बसल्यासारखे थांबणे, एका पायावर तोल सांभाळणे. सोमवारी व गुरुवारी अर्धा-पाऊण तास चालणे. रविवार विहाराचा, कुटुंबाचा, विश्रांतीचा. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेहावर औषधे चालू असतील, त्यांनी जोराचे फेरे डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नयेत.

अतिरेकी उत्साही माणसाने अंगुत्तर निकायातील सोण कोळिवीस या भिक्खूची कथा आठवावी. सुखात वाढलेला, कोमल पायांचा सोण इतक्या निश्चयाने चंक्रमण करी की त्याचे तळवे रक्ताळले. आणि तरीही फळ दिसेना तेव्हा सारे सोडून घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला त्याच्या वीणेची आठवण करून दिली. तारा फार ताणल्या तर ती वाजत नाही, फार सैल सोडल्या तरीही वाजत नाही. लक्षात घेण्याजोगे हे की रक्ताळलेल्या पायांच्या माणसाला तथागतांनी प्रयत्न सोडायला सांगितले नाही. प्रयत्नाची पट्टी ठरवायला सांगितले. दुखापतीतल्या व्यायामाला याहून नेमके मार्गदर्शन सापडणे कठीण आहे.

ताट, ऊन आणि झोप

‘आता हालचाल नाही, तर जेवणही निम्मे करू’ हा विचार दुखापतीत चुकीचा ठरतो. मोडलेले हाड जुळताना आणि फाटलेले स्नायू भरताना शरीराला अन्न लागते, विशेषतः प्रथिने. न हलणारा पाय फार लवकर वाळतो. दोन आठवडे जखडून ठेवलेल्या पायातील मांडीच्या स्नायूची घट मोजता येण्याइतकी होते. अशा वेळी दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे क्रीडा-आहारतज्ज्ञ सांगतात. सत्तर किलोच्या माणसाला ती ११० ग्रॅमच्या आसपास होतात. वाटीभर वरणात ती जेमतेम सहा-सात ग्रॅम असतात, दोन अंड्यांत बारा-तेरा, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये तीसच्या आसपास. म्हणजे केवळ वरण-भातावर हे गणित जुळत नाही. भात थोडा कमी करून ताटात अंडी, मासळी, चिकन, उसळी, दही वाढवावे. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी हालचाल घटल्यावर साखर अधिक वेळा तपासावी.

हाडांच्या बाबतीत स्कॉटलंडमधील आपल्या लोकांसाठी ड जीवनसत्त्व हा कळीचा मुद्दा आहे. एडिनबरा ५६ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. ऑक्टोबर ते मार्च येथल्या उन्हात त्वचेला हे जीवनसत्त्व बनवण्याइतके बळ नसते. सावळ्या त्वचेला तर उन्हाळ्यातही ते पुरेसे बनवता येत नाही. म्हणून येथील आरोग्यसेवा दक्षिण आशियाई लोकांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करायला सांगते. ही गोळी स्वस्त आहे आणि कोणत्याही औषधदुकानात मिळते. तेलकट मासेही ड जीवनसत्त्वाचे चांगले साधन आहेत. येथल्या बाजारातला मॅकरेल आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, तो तव्यावर छान होतो. झोपेची मात्र गोळी नाही. हाडे आणि स्नायू भरण्याचे बरेचसे काम झोपेत चालते, म्हणून रात्री भारतातल्या नातेवाइकांशी चालणारी दूरध्वनीवरची बोलणी दुखापतीच्या काळात तरी लवकर आटोपावीत.

परतीचा रस्ता

‘किती आठवडे झाले’ यापेक्षा ‘काय करता येते’ ही परतण्याची खरी कसोटी आहे. दोन्ही हातांनी कचकन ब्रेक दाबता येतो का? हातांवर भार टाकून खड्ड्याचा धक्का सोसता येतो का? मान वळवून खांद्यावरून मागे पाहता येते का? दुखऱ्या पायावर एकट्याने अर्धा मिनिट उभे राहता येते का? यांतल्या एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर आणखी आठवडाभर थांबण्यात कमीपणा नाही. कॉलरबोन किंवा मनगट जुळण्यास प्रौढांना साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. आणि जुळलेले हाड म्हणजे पूर्ववत झालेले बळ नव्हे.

पडताना डोके आपटले असेल तर ते हेल्मेट पुन्हा वापरू नये, वरून धड दिसले तरी. सायकलची चाके, ब्रेक आणि हँडल दुकानात दाखवून घ्यावे. पहिल्या फेऱ्या गाड्यांपासून दूर, जुन्या रेल्वेमार्गांवर झालेल्या रोझबर्नच्या वाटेवर किंवा मेडोजमध्ये घ्याव्यात. पहिल्या आठवड्यात पूर्वीच्या निम्मे अंतर, मग दुखणे वाढत नसेल तर दर आठवड्याला थोडेथोडे अधिक. तीन-चार आठवडे घरी व्यायाम केलेल्याला जुना दम परत यायला सहसा फार वेळ लागत नाही. चढावर पहिल्या दिवशी धाप लागली म्हणून खचू नये. ती धाप उतरलेल्या रक्तद्रवाची आहे, हे आपण पाहिलेच.

ट्रामचे रूळ ओलांडताना वेग कमी करून, शक्य तितक्या काटकोनात जावे. रुळावर असताना वळू नये, ब्रेक दाबू नये. हेमार्केटसारख्या ठिकाणी किंवा पावसात खात्री वाटत नसेल तर उतरून सायकल ढकलत न्यावी. आपल्या वडीलधाऱ्यांना उतरावे लागे ते दुसऱ्याच्या हुकमाने. येथे उतरणे हा आपल्याच विवेकाचा निर्णय आहे.

शरीर तयार असते आणि मन मागे राहते, असेही होते. पडल्याची आठवण हाताला ब्रेकवर घट्ट धरून ठेवते. विशेषतः उशिरा शिकलेल्या स्त्रियांना घरातून ‘आता पुरे, बस आहे की’ असे प्रेमळ सल्ले मिळू लागतात, आणि भीतीला घरचाच दुजोरा मिळतो. नवऱ्याने, मुलांनी, मैत्रिणींनी हा सल्ला देण्याऐवजी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत सोबत करावी. ज्या ठिकाणी अपघात झाला ते ठिकाण आधी पायी जाऊन पाहावे, मग सायकल ढकलत, मग चालवत. आपल्या गटात रविवारी एकत्र जमणाऱ्या कुटुंबांनी ठरवले तर कोणी दुखापतीतून उठणारा माणूस एकटा परतणार नाही. शिकलेल्याने शिकवावे ही आपली परंपरा आहे. सावरलेल्याने सावरावे हेही तिच्यातच बसते.

ज्या कोणाची सायकल या क्षणी कोपऱ्यात उभी असेल, त्यांनी उद्या सकाळी डॉक्टरांना वा फिजिओथेरपिस्टला एकच प्रश्न विचारावा: ‘कोणता भाग हलवू नको, आणि कोणता हलवू?’ या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याचे उत्तर बहुधा पहिल्यापेक्षा मोठे निघते. तेवढ्यावर त्याच दिवसापासून काम सुरू करता येते.